नागरिकत्वाची सिद्धी व हद्दपारीपासून संरक्षण

परकीय व्यक्तीस देशात येऊ द्यावयाचे की नाही व आलेल्यास राहू द्यावयाचे की नाही, हे ठरविण्याचा अधिकार प्रत्येक सार्वभौम राज्यास असतो. हा अधिकार जवळजवळ अनिर्बंध असला, तरी तो परकीयांपुरताच आहे. आपल्याच नागरिकास देशाबाहेर घालविण्याचा अधिकार भारतीय संविधानाने कोणत्याही अधिकाऱ्यास दिलेला नाही. त्यामुळे हद्दपारीच्या प्रत्येक प्रकरणात एक पूर्वप्रश्न असतो : ही व्यक्ती परकीय आहे, हे कोणी, कशाच्या आधारे व केव्हा ठरविले? याचे उत्तर हद्दपारीच्या आधी मिळाले, तर चुकीने पकडल्या गेलेल्या नागरिकास कायद्याचे संरक्षण मिळते. ते नंतर मिळाले, तर त्याचा उपयोग फारसा उरत नाही, कारण तोवर तो नागरिक न्यायालयाच्या हद्दीबाहेर गेलेला असतो. भारतात, विशेषतः जुन्या मुंबई राज्यात आणि आजच्या महाराष्ट्रात, या पूर्वप्रश्नाचा विचार कसा होत गेला, याचे विवेचन येथे केले आहे.

सीमेवरील गाव : नागरिकत्व ही कल्पना भारतात रुजण्यापूर्वी लोक ‘प्रजा’ या नात्याने ओळखले जात. सोलापूर हे त्याचे चांगले उदाहरण होय. स्वातंत्र्यपूर्व काळात हा जिल्हा मुंबई इलाख्यात होता. परंतु त्याच्या उत्तरेस व पूर्वेस निजामाचा मुलूख पसरला होता आणि जिल्ह्याला लागूनच अक्कलकोट संस्थान होते. १८७७ मध्ये येथे पहिली कापडगिरणी निघाली. ती पुढे ‘जुनी गिरणी’ या नावाने प्रसिद्ध झाली. गिरण्या व हातमाग यांच्या आधाराने तेलंगणातील पद्मशाली विणकर, कानडी मुलखातील कामकरी आणि मराठवाड्यातील दुष्काळाने उठलेली कुटुंबे शहरात येऊन राहिली. यांपैकी पुष्कळांचे जन्मगाव निजामाच्या हद्दीत होते. ते ब्रिटिश प्रजाजन नव्हते. परंतु कायद्याने परकीयही नव्हते. १९४६ च्या परकीय नागरिक अधिनियमातील मूळ व्याख्येत हिंदी संस्थानांच्या प्रजेस परकीयांतून स्पष्टपणे वगळले होते.

या व्याख्येचे महत्त्व १९४७-४८ मध्ये कळून आले. ऑगस्ट १९४७ नंतर हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले नव्हते. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी त्याच्याशी केवळ ‘जैसे थे’ करार झाला. रझाकारांच्या अत्याचारांमुळे मराठवाड्यातील लोक सोलापूर जिल्ह्यात आश्रयास येत होते. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्याची मुख्य तुकडी सोलापूरहून नळदुर्गमार्गे हैदराबादकडे निघाली व पाच दिवसांत संस्थानाचा प्रतिकार संपला. २३ नोव्हेंबर १९४९ रोजी निजामाने भारतीय संविधान स्वीकारल्याची घोषणा केली आणि तिसऱ्याच दिवशी, २६ नोव्हेंबर १९४९ रोजी, संविधानातील नागरिकत्वाची कलमे अमलात आली. संविधानाचा बराचसा भाग २६ जानेवारी १९५० पासून लागू झाला. नागरिकत्वाची कलमे मात्र त्यापूर्वी दोन महिने लागू करण्यात आली होती. पाचव्या कलमाने भारतात अधिवास असणाऱ्या व भारताच्या राज्यक्षेत्रात जन्मलेल्या प्रत्येकास नागरिकत्व दिले. निजामी मुलखात जन्मलेला सोलापूरचा विणकर अशा रीतीने कोणताही अर्ज न करता व कोणताही दाखला न मिळविता भारताचा नागरिक झाला. पुढील सर्व अडचणींचे मूळ एका अर्थी येथेच आहे. नागरिकत्व कायद्याने आपोआप मिळाले. ते मिळाल्याचा कागद मात्र कोणालाच मिळाला नाही.

गुन्हेगार जमातींचे पूर्वोदाहरण : संशय व्यक्तीवर न घेता समूहावर घ्यावयाचा आणि त्यातून सुटण्याची जबाबदारी व्यक्तीवर टाकावयाची, ही पद्धत परकीयांच्या कायद्याने प्रथम आणली असे नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती अधिनियमाने व त्याच्या १९११ आणि १९२४ मधील सुधारित रूपांनी एखादी जमात अधिसूचनेद्वारे गुन्हेगार ठरविता येई आणि त्या अधिसूचनेच्या वैधतेविषयी न्यायालयात प्रश्न उपस्थित करता येत नसे. या कायद्याखालील एक मोठी वसाहत सोलापुरात होती. कैकाडी, पारधी इ. जमातींची कुटुंबे तारेच्या कुंपणाआड ठेवली जात. त्यांना हजेरी द्यावी लागे, बाहेर जाण्यास परवाना लागे. गिरण्यांना तेथून मजूर मिळत. शहरात आजही तो भाग ‘सेटलमेंट’ या नावानेच ओळखला जातो. मुंबई प्रांताने हा कायदा १९४९ मध्ये रद्द केला आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो देशभर संपुष्टात आला. या कायद्याचा परकीयांशी संबंध नव्हता. परंतु जन्मावरून संशय, नोंदवहीवरून ओळख व न्यायालयास मज्जाव ही त्याची तीन वैशिष्ट्ये पुढील इतिहास वाचताना ध्यानात ठेवणे उपयुक्त आहे.

शाबितीची जबाबदारी : १९४६ च्या अधिनियमाच्या तिसऱ्या कलमाने केंद्र शासनास परकीयांचा प्रवेश, वास्तव्य व निष्कासन यांविषयी व्यापक अधिकार दिले. १९ एप्रिल १९५८ च्या अधिसूचनेने निष्कासनाविषयीचे काम राज्य शासनांकडे सोपविण्यात आले आणि व्यवहारात ते पोलीस खात्याकडे आले. नागरिकाच्या दृष्टीने कळीचे कलम मात्र नववे होते. एखादी व्यक्ती परकीय आहे की नाही, असा प्रश्न उद्भवल्यास आपण परकीय नाही हे शाबीत करण्याची जबाबदारी त्या व्यक्तीवरच राहील, असे त्यात म्हटले होते. सर्वसाधारण फौजदारी कायद्यात आरोप करणाऱ्याने तो सिद्ध करावयाचा असतो. येथे तो नियम उलटा केला आहे. याचे समर्थन असे दिले जाते, की आपला जन्म कोठे झाला व आपले आईवडील कोण, हे त्या व्यक्तीलाच विशेष ठाऊक असते. जहाजातून उतरलेल्या युरोपीय प्रवाशाच्या बाबतीत हा युक्तिवाद ठीक आहे. त्याच्यापाशी पारपत्र असते व त्याचा दूतावास त्याची ओळख पटवू शकतो. जन्मनोंदणी नसलेल्या खेड्यात जन्मलेल्या निरक्षर मजुराच्या बाबतीत तो पटण्याजोगा नाही. आपला जन्म कोणालाच आठवणीने ठाऊक नसतो; तो इतरांच्या सांगण्यावरून किंवा सरकारी दप्तरावरूनच कळतो आणि ते दप्तर शासनाच्याच ताब्यात असते.

फाळणी व परवाना-पद्धती : १९४८ च्या मध्यास पश्चिम पाकिस्तानातून भारतात परतणाऱ्यांची संख्या वाढू लागली, तेव्हा परवान्याची पद्धत सुरू झाली. १९ जुलै १९४८ ही तीच तारीख संविधानाच्या सहाव्या कलमात आढळते. १९४९ मध्ये पाकिस्तानातून होणाऱ्या आगमनाच्या नियंत्रणाचा अधिनियम संमत झाला. परवान्याविना प्रवेश हा गुन्हा ठरला व त्यासाठी एक वर्षापर्यंत कारावासाची शिक्षा ठेवण्यात आली. त्याचे सातवे कलम याहून कठोर होते. ज्याने गुन्हा केला आहे, किंवा केला असल्याचा वाजवी संशय आहे, अशा कोणत्याही व्यक्तीस भारताबाहेर काढण्याचा आदेश केंद्र शासन देऊ शकत असे. ‘कोणतीही व्यक्ती’ या शब्दांत भारतीय नागरिकही येत होता. वेगळ्या कायद्याची गरज भासण्याचे एक तांत्रिक कारण होते. १९४६ च्या अधिनियमातील व्याख्येनुसार अविभाजित हिंदुस्थानात ब्रिटिश प्रजाजन म्हणून जन्मलेला मनुष्य, तो पाकिस्तानात गेला असला तरी, ‘परकीय’ या संज्ञेत बसत नव्हता. ही व्याख्या १९ जानेवारी १९५७ पासून बदलली आणि ‘भारताचा नागरिक नसलेला तो परकीय’ असे तिचे साधे रूप झाले. त्यापूर्वी पाकिस्तानी पारपत्रावर आलेल्या व्यक्तीस प्रवेशसमयी परकीय म्हणता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने फिदा हुसेन खटल्यात १९६१ मध्ये सांगितले.

संविधान सभेत ऑगस्ट १९४९ मध्ये नागरिकत्वाच्या कलमांवर जी चर्चा झाली, तीत महाराष्ट्रातील दोन व्यक्तींच्या भूमिका परस्परविरोधी होत्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १० ऑगस्ट रोजी मसुदा मांडताना या कलमाइतका त्रास मसुदा समितीस क्वचितच दुसऱ्या कशाने दिला असेल, अशी कबुली दिली. ही व्यवस्था संविधानाच्या प्रारंभापुरती असून कायमचा कायदा संसदेने करावा, असे त्यांचे म्हणणे होते. डॉ. पंजाबराव देशमुख यांना ही कलमे फार सैल वाटली. भारताचे नागरिकत्व जगात सर्वांत स्वस्त होईल, अशी टीका त्यांनी केली आणि धर्माने हिंदू वा शीख असलेल्या व अन्य देशाचे नागरिक नसलेल्या प्रत्येकास नागरिकत्व मिळावे, अशी दुरुस्ती सुचविली. ती स्वीकारली गेली नाही. पाकिस्तानात गेलेल्या, परंतु पुनर्वसनाचा किंवा कायम परतीचा परवाना घेऊन आलेल्या माणसास नागरिकत्वाचा मार्ग खुला ठेवणारे सातव्या कलमाचे परंतुक वादग्रस्त ठरले, तरी टिकले.

इब्राहीम वझीर खटला : परवाना घेऊन परतलेल्यांचा परवाना पुढे रद्द करावयाचा आणि त्यांना बाहेर काढावयाचे, असे प्रकार घडू लागल्यावर हा प्रश्न न्यायालयापुढे आला. मुंबई राज्याविरुद्धच्या इब्राहीम वझीर मावत खटल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने १५ फेब्रुवारी १९५४ रोजी दिला. बहुमताचा निवाडा न्या. गुलाम हसन यांनी लिहिला. परवान्यासंबंधीचा नियम मोडणाऱ्या नागरिकास शिक्षा करता येईल, हे न्यायालयाने मान्य केले. गुन्ह्याबद्दल दंड किंवा तुरुंगवास देणे वेगळे आणि त्यासाठी नागरिकास देशातून काढणे वेगळे, असा भेद मात्र त्याने केला. देशातून काढणे म्हणजे प्रत्यक्षात नागरिकत्वच नष्ट करणे होय. शिवाय हा आदेश केवळ संशयावर निघू शकत होता. तो संशय खरा की खोटा हे पाहणारे न्यायाधिकरण नव्हते आणि त्या माणसास आपली बाजू मांडण्याची सोय नव्हती. म्हणून सातवे कलम नागरिकांपुरते संविधानाच्या एकोणिसाव्या कलमातील वास्तव्याच्या हक्काशी विसंगत व म्हणून शून्य ठरविण्यात आले. न्या. सु. रं. दास यांनी मतभेद नोंदविला. फाळणीनंतरची असाधारण परिस्थिती पाहता हे निर्बंध वाजवी आहेत, असे त्यांना वाटत होते. त्यांचे मत त्या काळाची भीती ध्यानात घेता समजण्याजोगे आहे. परंतु बहुमताने जो मुद्दा पकडला, तो टिकाऊ ठरला. मूळ अधिनियम याआधीच, १५ ऑक्टोबर १९५२ पासून दोन्ही देशांत पारपत्र-पद्धती आल्यामुळे, रद्द झाला होता. निर्णयाचा परिणाम त्यामुळे मुख्यतः तत्त्वाचा होता.

गजेंद्रगडकरांची निर्णयमाला : १९५५ च्या नागरिकत्व अधिनियमाच्या नवव्या कलमानुसार स्वेच्छेने अन्य देशाचे नागरिकत्व घेणाऱ्याचे भारतीय नागरिकत्व संपते. असा प्रश्न उद्भवल्यास तो केंद्र शासनाने ठरवावयाचा असतो. १९५६ च्या नियमांत आणखी एक तरतूद होती : दुसऱ्या देशाचे पारपत्र घेतले, तर ते परकीय नागरिकत्व स्वेच्छेने घेतल्याचा निर्णायक पुरावा मानावा. आईला भेटण्यासाठी वा मिळकतीच्या कामासाठी कराचीला गेलेल्या व परत येताना तेथील पारपत्राखेरीज दुसरा मार्ग न उरलेल्या माणसांना हा नियम जाचक ठरला. तरीही इझहार अहमद खान खटल्यात १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने तो वैध ठरविला.

हा निवाडा मूळचे साताऱ्याचे न्या. प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी लिहिला होता. तो एकटा वाचल्यास न्यायालयाने नागरिकाला वाऱ्यावर सोडले असे वाटेल. परंतु त्यानंतरच्या निर्णयांत न्यायालयाने याच कलमातून संरक्षण उभे केले. त्याच वर्षीच्या आंध्र प्रदेशातील एका प्रकरणात त्याने स्पष्ट केले, की केंद्र शासनाने नागरिकत्व गेल्याचा निर्णय देईपर्यंत राज्य शासनास त्या व्यक्तीस हद्दपार करता येणार नाही. बऱ्हाणपूरचे प्रकरण महाराष्ट्राच्या उंबरठ्यावरचे होते. विणकरांच्या या गावातून १९५० नंतर पाकिस्तानात गेलेले व १९५६ मध्ये परतलेले एक जोडपे मुदतीनंतर राहिले, म्हणून त्यांच्यावर खटला भरला गेला. ते देश सोडून गेले म्हणजे सातव्या कलमानुसार त्यांचे नागरिकत्व आपोआप संपले, असे मध्य प्रदेश शासनाचे म्हणणे होते. ते कलम संविधानाच्या प्रारंभापूर्वीच्या स्थलांतरासच लागू आहे. नंतरच्यांचा प्रश्न केंद्र शासनाच्या निर्णयाविना सुटत नाही, असे न्यायालयाने ठरविले. १९६४ मध्ये गोध्र्याच्या एका खटल्यात फौजदारी न्यायालयासही हा प्रश्न स्वतः ठरविता येत नाही, असे सांगण्यात आले. १९६५ च्या मद्रासमधील प्रकरणात पुढचे पाऊल पडले : पारपत्र आपण राजीखुशीने घेतले नाही, असे कोणी म्हटल्यास केंद्र शासनाने त्याची चौकशी केली पाहिजे व त्याला म्हणणे मांडण्याची संधी दिली पाहिजे. आधी निर्णय, मग निष्कासन हा क्रम अशा रीतीने पक्का झाला.

या निर्णयमालेची मर्यादाही सांगितली पाहिजे. तिचे संरक्षण, जो एकेकाळी भारतीय नागरिक होता व ज्याने ते नागरिकत्व गमावले असा आरोप आहे, त्याला मिळते. ‘हा कधीच भारतीय नव्हता’ असा आरोप असेल, तर १९५५ च्या अधिनियमाचे नववे कलम लागत नाही. लागते ते १९४६ च्या अधिनियमाचे नववे कलम, म्हणजे शाबितीची जबाबदारी त्या व्यक्तीवर. १९६४ च्या आदेशाने परकीय न्यायाधिकरणांची तरतूद केली. पण ती प्रत्यक्षात आसामपुरतीच राहिली. आसामातील न्यायाधिकरणांविषयी तक्रारी अनेक आहेत. तरी तेथे निदान एक मंच आहे. महाराष्ट्रात बांगलादेशी असल्याच्या आरोपावरून पकडलेल्या माणसाचा प्रश्न फौजदारी खटल्यात निघतो, किंवा खटला न भरताच पोलिसांच्या पडताळणीत संपतो. १९७० नंतरचे जवळजवळ सर्व आरोप या दुसऱ्या प्रकारचे आहेत, ही गोष्ट पुरेशी लक्षात घेतली जात नाही.

अन्य देशांतील अनुभव : हाच पूर्वप्रश्न अमेरिकेत भारतापूर्वी उपस्थित झाला होता. चिनी वंशाच्या काही व्यक्तींनी आपण जन्माने वा वंशपरंपरेने अमेरिकी नागरिक आहोत असे सांगूनही आप्रवासन खात्याने त्यांच्या हद्दपारीचे आदेश काढले, तेव्हा १९२२ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने एन्जी फंग हो खटल्यात असे ठरविले, की खात्याचा अधिकार परकीयांवरच चालतो. म्हणून नागरिकत्वाचा सकृद्दर्शनी आधार असलेला दावा न्यायालयानेच तपासला पाहिजे. न्या. लुई ब्रँडाइस यांचा हा निवाडा या विषयातील मूलभूत निवाड्यांपैकी मानला जातो.

त्यानंतरच्याच वर्षी, १९ फेब्रुवारी १९२३ रोजी, त्याच न्यायालयाने भगतसिंग थिंद खटल्यात भारतीय हे कायद्याच्या अर्थाने ‘गोरे’ नाहीत, म्हणून ते नागरिकत्वास अपात्र आहेत, असा निर्णय दिला आणि आधीच नागरिक झालेल्या भारतीयांची नागरिकत्वे रद्द करण्याची मोहीम सुरू झाली. थिंद यांचे वकील सखाराम गणेश पंडित हे अहमदाबाद येथे १८७५ मध्ये जन्मले होते. १९१४ मध्ये लॉस अँजेल्स येथील न्यायालयाने त्यांना नागरिकत्व दिले होते व पुढे त्यांना वकिलीची सनदही मिळाली होती. आता त्यांच्यावरच दावा आला. नागरिकत्व गेले असते तर सनद गेली असती, घरजमीन धोक्यात आली असती आणि त्यांच्या अमेरिकी पत्नीचे नागरिकत्वही उरले नसते. पंडितांनी वंशाचा वाद पुन्हा उकरला नाही. १९१४ मध्ये शासनाला म्हणणे मांडण्याची संधी होती; ते हरले व त्यांनी अपील केले नाही, तेव्हा तो निवाडा पूर्वनिर्णीत झाला आणि त्यावर विसंबून आपण आयुष्य उभारले, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९२६ मध्ये अपील न्यायालयाने तो मान्य केला व १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शासनाचे प्रकरण ऐकण्यास नकार दिला. उरलेले दावे त्यानंतर शासनाने सोडून दिले. हा विजय कौशल्याचा होता, पण तो न्यायालयाचा कागद हाती असलेल्या माणसाचा विजय होता, हे विसरता येत नाही.

ब्रिटनमध्ये १९८३ च्या खवाजा खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्‌सने बेकायदा प्रवेशाचा आरोप सिद्ध करण्याची जबाबदारी शासनावर टाकली. तरीही वेस्ट इंडीजमधून १९४८ नंतर कायदेशीरपणे आलेल्या व तेथेच म्हातारे झालेल्या अनेकांना कागदपत्रांअभावी नोकरी, घर व औषधोपचार गमवावे लागले आणि काहींना देश सोडावा लागला, हे २०१८ मध्ये उघडकीस आले. त्यांच्या आगमनाची नोंद असलेले जुने कागद खुद्द गृहखात्यानेच २०१० मध्ये नष्ट केले होते.

मुंबईतील मतदारयाद्या : १९९० नंतर मुंबई व दिल्ली येथे हा प्रश्न मतदारयाद्यांच्या निमित्ताने आला. ठराविक वस्त्यांतील मतदारांना परकीय असल्याच्या संशयावरून मोठ्या संख्येने नोटिसा गेल्या व नागरिकत्वाचा पुरावा मागण्यात आला. पोलिसांच्या अहवालावर भिस्त होती. लालबाबू हुसेन खटल्यात ६ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही कारवाई रद्द केली. ज्याचे नाव यादीत आधीपासून आहे, त्याचे नाव योग्य रीतीनेच आले असे गृहीत धरले पाहिजे. ते काढावयाचे, तर काढणाऱ्यापाशी कारण हवे, ते कारण मतदारास कळविले पाहिजे, त्याने दिलेले कागद पाहिले पाहिजेत आणि सकारण आदेश दिला पाहिजे, असे न्यायालयाने सांगितले. म्हणजे शासनाने एकदा दिलेली मान्यता शासनानेच विनाकारण नाकारू नये. पंडितांच्या खटल्यातील तत्त्वाचीच ही साधी आवृत्ती म्हणता येईल.

या निवाड्याचा पोलीस कारवाईवर परिणाम झाला नाही. जुलै १९९८ मध्ये मुंबईतून बांगलादेशी म्हणून पकडलेल्या जरीकाम करणाऱ्या कारागिरांना व इतरांना रेल्वेने हावड्याकडे नेले जात असता उलुबेरिया स्थानकावर जमावाने गाडी अडवून त्यांना सोडविले. त्यांतील अनेकजण आपल्या राज्याचे रहिवासी आहेत, असा पश्चिम बंगाल शासनाचा दावा होता. दोन राज्य शासनांत तीव्र वाद झाला. त्यांतील किती भारतीय होते, हा प्रश्न स्थानकावरच्या जमावाने सोडवावयाचा नव्हता. पण तो त्याआधी कोणी तपासून सोडविला होता, असेही दिसत नाही.

कागदाचा प्रश्न : नागरिकत्व अधिनियमानुसार १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेला, काही अपवाद वगळता, जन्मानेच नागरिक आहे. त्यानंतर ३ डिसेंबर २००४ च्या आधी जन्मलेल्यास आईवडिलांपैकी एक नागरिक असल्याचे दाखवावे लागते आणि त्या तारखेपासून पुढे जन्मलेल्यास एक नागरिक व दुसरा बेकायदा स्थलांतरित नाही, असे दाखवावे लागते. म्हणजे मनुष्य जितका तरुण, तितके त्याला आपल्या आईवडिलांविषयी अधिक सिद्ध करावे लागते. जन्मनोंदणीचा देशव्यापी कायदा १९६९ चा. प्रत्यक्ष नोंदणी खेड्यापाड्यांत पुष्कळ उशिरा रूढ झाली. २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने उशिरा दिलेल्या जन्मदाखल्यांची फेरतपासणी हाती घेतली. त्यांत बनावट दाखले असतील. पण खरे असून उशिरा घेतलेले दाखले गरिबांचेच असतात.

विमुक्त व भटक्या जमातींच्या राष्ट्रीय आयोगाचे अध्यक्ष सोलापूरचे बाळकृष्ण रेणके होते. या आयोगाच्या २००८ च्या अहवालात अशा जमातींतील पुष्कळ कुटुंबांकडे शिधापत्रिका, मतदार ओळखपत्र वा जातीचा दाखला नसल्याचे नमूद आहे. ज्यांच्या आजोबांना सरकारी नोंदवहीत रोज हजेरी लावावी लागे, त्यांच्या नातवांपाशी सरकारी कागद नाही, हा विरोधाभास सोलापुरात विशेष जाणवतो.

ज्यांच्यापाशी कागद आहेत, त्यांचेही सारे सुरळीत असते असे नाही. सोलापुरात तेलुगू, कन्नड, उर्दू व मराठी या चार भाषा रोजच्या व्यवहारात आहेत. तेलुगू पद्धतीत घराण्याचे नाव आधी येते, मराठी कागदात ते शेवटी जाते व मध्ये वडिलांचे नाव बसते. इंग्रजी अक्षरांत त्याचे हिज्जे कारकुनागणिक बदलतात. विवाहित स्त्रीचे माहेरचे नाव शाळेच्या दाखल्यावर आणि सासरचे मतदारयादीत असते. अशा तफावतींवरून आसामात अनेकांना परकीय ठरविण्यात आले होते. रहीम अली खटल्यात ११ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नावाच्या हिज्जांतील व तारखांतील किरकोळ फरक हे नागरिकत्व नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही, असे सांगितले. त्याहून महत्त्वाचा भाग शाबितीच्या जबाबदारीचा होता. ही जबाबदारी व्यक्तीवर आहे, हे खरे. पण ती सुरू होण्यासाठी शासनापाशी संशयास पुरेसा काही मूळ आधार असला पाहिजे व तो त्या व्यक्तीस दिला पाहिजे. नुसता आरोप करून कोणालाही ‘आता सिद्ध कर’ असे म्हणता येणार नाही. त्या खटल्यातील व्यक्तीस न्यायालयाने भारतीय नागरिक घोषित केले; परंतु निर्णय लागण्यापूर्वीच ती मरण पावली होती.

२०२५ चा अधिनियम व नंतर : १९४६ चा अधिनियम, १९२० चा पारपत्र-प्रवेश अधिनियम व १९३९ चा परकीय नोंदणी अधिनियम रद्द होऊन त्यांच्या जागी आप्रवासन व परकीय नागरिक अधिनियम, २०२५ हा १ सप्टेंबर २०२५ पासून अमलात आला. शाबितीची जबाबदारी त्याने पूर्वीप्रमाणेच व्यक्तीवर ठेवली आहे. त्यामुळे जुन्या कलमाविषयीचे न्यायालयीन निर्णय, विशेषतः रहीम अली निर्णय, नव्या कायद्यालाही तितकेच उपयोगी आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये एका जामिनाच्या अर्जावर निर्णय देताना आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र यांवरून नागरिकत्व आपोआप सिद्ध होत नाही, असे म्हटले. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबर आहे. मात्र मग कोणता कागद पुरेसा, याचे एकच उत्तर कोणत्याही कायद्यात आढळत नाही.

अटक झालेल्या व्यक्तीस चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करणे, अटकेचे कारण सांगणे व वकील मिळू देणे हे संविधानाच्या बाविसाव्या कलमाचे हक्क आहेत. शत्रुराष्ट्राची व्यक्ती वगळता ते परकीयांनाही मिळतात. विनामूल्य वकिलाचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातीलच होसकोट खटल्यात १९७८ मध्ये स्पष्ट केला आणि १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमानंतर त्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात यंत्रणा उभी झाली. दंडाधिकाऱ्यापुढे नेले गेलेल्या माणसास आपण भारतीय आहोत असे निदान सांगता येते व ते नोंदले जाते. खरा धोका न नेल्याने निर्माण होतो. उच्च न्यायालयाकडे देहोपस्थितीचा, म्हणजे हेबिअस कॉर्पसचा आदेशलेख मागता येतो; पण त्याची सत्ता त्या अधिकाऱ्यावर चालते, ज्याच्या ताब्यात ती व्यक्ती आहे. व्यक्ती सीमेपलीकडे गेल्यावर ताबाच उरत नाही आणि मग न्यायालयास दुसऱ्या देशाशी बोलणी करण्याचे निर्देश शासनाला देण्यापलीकडे फारसे काही करता येत नाही.

मे २०२५ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने संशयितांच्या पडताळणीसाठी राज्यांना तीस दिवसांची मुदत घालून दिली. जूनमध्ये महाराष्ट्रात मजुरी करणाऱ्या पश्चिम बंगालच्या काही रहिवाशांना पकडून पूर्व सीमेवर नेण्यात आले व बांगलादेशात ढकलण्यात आले. त्यांच्या कुटुंबीयांनी गावच्या पंचायतीकडून व पोलिसांकडून कागदपत्रे मिळविली, पश्चिम बंगालच्या पोलिसांनी ती सीमा सुरक्षा दलास दिली आणि दोन्ही देशांच्या सीमारक्षक दलांच्या बैठकीनंतर ते परत आले. त्यांच्या नागरिकत्वाची पडताळणी झाली, ती अशी : ते देशाबाहेर असताना, काही दिवसांत आणि त्यांच्या गावात आधीपासूनच असलेल्या कागदांवरून.